पावती कुणाच्या नावावर?

गिरगावात जुनी ओळखीची दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न येतो, "तुमचं काय झालं?" प्रश्न अर्धाच असतो, पण कुणालाच तो समजावून सांगावा लागत नाही. तब्येत, लग्न, नोकरी यांपैकी कशाबद्दलही तो नसतो. तो चाळीबद्दल असतो. उत्तरंही साधारण ठरलेली असतात. "बोलणी चालू आहेत." "सह्या झाल्या." "खाली करून चार वर्षं झाली, अजून पाया नाही." आणि क्वचित कधी, "मिळालं बाबा एकदाचं."

गेलं दीड वर्ष मी हे उत्तर देणाऱ्यांपैकी एक आहे, कारण मी आमच्या चाळीच्या कमिटीची सेक्रेटरी आहे. निवडणूक वगैरे काही झाली नाही. पीडीएफ उघडून वाचणारं आणि लॅपटॉपवर मराठी टाइप करता येणारं दुसरं कुणी मोकळं नव्हतं, एवढंच.

आधी थोडा कायदा सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कंटाळवाणं वाटलं तरी वाचा. उद्या तुमच्याही दाराशी कुणीतरी फॉर्म घेऊन येईल.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी गोठली. भाडेकरू तगले, पण मालकांनी दुरुस्त्या सोडून दिल्या. इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारने कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर लावला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं. या उपकरप्राप्त इमारती म्हणजेच बोलीभाषेतल्या 'सेस बिल्डिंगा'. सुरुवातीला त्या १९,६४२ होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या त्या 'अ' वर्ग. आमची चाळ १९३२ ची. आमच्या मजल्यावरचे एक काका म्हणतात, "आयुष्यात 'अ' वर्ग एवढाच मिळाला."

दुरुस्तीने भागत नाही म्हटल्यावर पुनर्विकास आला. विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(७) इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. जुन्या भाडेकरूंना त्याच जागी मोफत घर द्यायचं आणि त्या बदल्यात बिल्डरने जादा बांधकाम करून ते विकायचं. त्यासाठी भाडेकरूंची संमती लागते. पूर्वी ती ७० टक्के लागायची, आता ५१ टक्के पुरते.

मुंबईच्या जुन्या वस्तीत 'रहिवाशांचा सहभाग' म्हणतात तो व्यवहारात या एका आकड्यावर येऊन थांबतो.

आमच्या चाळीत ४६ खोल्या आणि रस्त्यावर ६ गाळे, म्हणजे ५२ भाडेकरू. एक्कावन्न टक्के म्हणजे २७ सह्या. बिल्डरची माणसं फॉर्म घेऊन आली तेव्हा पहिल्या दहा दिवसांतच १९ सह्या जमल्या. आम्हाला नवल वाटलं, कारण चाळीत तर कुणी सही केल्याचं बोलत नव्हतं. यादी हातात आली तेव्हा कळलं. ४६ पैकी १७ खोल्यांना कुलूप आहे. ती कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारला कधीच गेली. एकजण तर सिंगापूरला. त्या सतरापैकी पंधरांनी सही केली होती आणि उरलेल्या चार सह्या गाळेवाल्यांच्या होत्या. रात्री जिथे दिवा लागतो अशा २९ खोल्यांमधली एकही सही त्या एकोणीसात नव्हती.

यात कुलूपवाल्यांना मी वाईट म्हणणार नाही. डोंबिवलीच्या एका काकूंनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "मुलाचं कर्ज फिटेल गं त्यात. किती वर्षं थांबायचं?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्या खोलीत त्यांची दोन बाळंतपणं झाली आहेत. पण नव्या इमारतीत जिना कुठे असावा, स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडावी, याच्याशी त्यांचं आता काही देणंघेणं उरलेलं नाही, हेही खरंच.

दुसऱ्या बाजूला, जे रोज इथे राहतात पण यादीत नाहीत असे कितीतरी. पहिल्या मजल्यावर पोळ्या करून देणाऱ्या एक काकू आहेत. ती खोली त्या २००४ पासून भाड्याने घेऊन राहतात. नियमानुसार १३ जून १९९६ नंतरची नवी भाडेदारी धरत नाहीत, आणि काकूंकडे तर तीही नाही, त्या पोटभाडेकरू. तिसऱ्या मजल्यावर एका कोकणातल्या गावची गावकीची खोली आहे. पावती गावच्या एका माणसाच्या नावावर, जो जाऊन तीस वर्षं झाली. तिथे आठ-नऊ पुरुष पाळीपाळीने झोपतात, भिंतीला प्रत्येकाची ट्रंक. जिन्याखाली इस्त्रीवाला आहे. माझ्या आठवणीत तो तिथेच आहे. यांपैकी कुणालाच कुणी फॉर्म दिला नाही, कारण फॉर्म पावतीप्रमाणे वाटतात.

आमच्या घरातही पावती आजोबांच्या नावावर होती. ती आजीच्या नावावर करून घेताना वडिलांनी किती खेटे घातले ते मी पाहिलंय. त्यामुळे या कागदाला मी कमी लेखत नाही. पण पावतीने हक्क कुणाचा ते कळतं. राहतं कोण आणि कसं, हे तिच्यातून कळत नाही.

शहराच्या मध्यभागाची पुनर्रचना मुंबईला नवी नाही. १८९६ मध्ये प्लेग आला आणि दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवा खेळती करायची आणि रुंद रस्ते काढायचे हे त्याचं काम. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरचा प्रिन्सेस स्ट्रीट त्यातूनच आला. ट्रस्टवर सरकारचे, महापालिकेचे, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी होते. ज्यांच्या खोल्या पाडल्या त्या भाडेकरूंना मात्र जागा नव्हती. ते शेजारच्या वस्त्यांमध्ये सरकले आणि तिथली गर्दी वाढली.

शंभरेक वर्षांनी आपल्याला 'हरकती व सूचना' मिळाल्या. २०१५ मध्ये मुंबईचा विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या आणि तो आराखडा नव्याने करायला सांगण्यात आलं. लोक बोलले की फरक पडतो, हे तेव्हा दिसलं. मेट्रो ३ साठी गिरगाव-काळबादेवीतल्या इमारती जाणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हाही दिसलं. त्यांचं पुनर्वसन दूर कुठे न करता याच भागात करायचं ठरलं. पण हे झालं शहराच्या आणि मोठ्या प्रकल्पाच्या पातळीवर. एका चाळीच्या पातळीवर तुमच्या हातात असतो फक्त एक फॉर्म, आणि त्यावर दोन चौकोन: संमती आहे, संमती नाही.

शेरी अर्नस्टीन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये, म्हणजे आपला उपकराचा कायदा आला त्याच वर्षी, नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी, आणि टोकाला लोकांच्या हातात निर्णय. नियोजनाच्या अभ्यासक्रमात आजही ती शिकवतात. आमचा संमतीचा फॉर्म या शिडीवर कुठे बसवायचा, हे मला नीट ठरवता येईना. सही तर निर्णायक असते. तिच्याशिवाय प्रकल्प पुढे सरकत नाही. म्हणजे वरची पायरी. पण सही करणाऱ्याने नकाशाच पाहिलेला नसतो. म्हणजे अगदी खालची. एकाच कागदावर दोन्ही.

म्हणून आम्ही नकाशा मागितला. बिल्डरच्या ऑफिसातून आला एक व्हिडिओ. त्यात काचेचा टॉवर, पोहण्याचा तलाव आणि हेडफोन लावून धावणारा एक उंच माणूस. आजीने तो माझ्या फोनवर दोनदा पाहिला आणि विचारलं, "यात आपण कितव्या मजल्यावर?"

त्या व्हिडिओत आम्ही नव्हतोच. नकाशा नंतर तीन आठवड्यांनी मिळाला. पहिले सात मजले पार्किंग. आठव्यापासून आमची घरं, मजल्यावर आठ, मध्ये लिफ्टची बंद लॉबी, तिला एकही खिडकी नाही. विक्रीची घरं दुसऱ्या बाजूला, समुद्राकडे, त्यांचं प्रवेशद्वार वेगळं.

मी एका ॲपच्या कंपनीत काम करते. लोक ॲप कसं वापरतात हे त्यांच्याशी बोलून शोधणं हे माझं काम. त्यातला पहिला नियम असा की "तुम्हाला काय हवंय?" असं विचारायचं नाही. चाळीत हा प्रश्न विचारला तर २९ घरांतून एकच उत्तर येतं: "जास्त स्क्वेअर फूट." त्यापेक्षा विचारायचं, "कालचा दिवस सांगा."

पाच रविवार मी घरोघर फिरून हे विचारलं. पोळीवाल्या काकूंकडे, गावकीच्या खोलीत, जिन्याखालीही.

मला वाटायचं, आपण इथे जन्मलो, आपल्याला सगळं ठाऊक आहे. पण मोजल्यावर चित्र वेगळं दिसलं. चौदा घरांत घरूनच काही ना काही कमाई होते: पोळ्या, शिवण, शिकवण्या, दिवाळीचा फराळ. सत्तरीच्या पुढची अकरा माणसं आहेत, त्यांतली चार एकटी. त्या चौघांवर चाळीने नकळत पहारा ठेवलाय. सकाळी सातपर्यंत दार उघडलं नाही, तर गॅलरीतून जाणारा कुणीतरी कडी वाजवतो. दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली की शेजारी विचारतो. हे कुणी ठरवलेलं नाही. गॅलरी सगळ्यांच्या दारावरून जाते म्हणून ते होतं. १६० फुटांच्या खोलीतल्या माणसाला गॅलरीतून आणखी किती घर मिळतं, हे कुठल्याच कार्पेट एरियात धरलेलं नसतं.

मला चाळीचे गोडवे गायचे नाहीत. सहा कुटुंबांत एक संडास, रात्री बारा वाजता बादली घेऊन जाणं, मासिक पाळीच्या दिवसांत मोरीला पडदा लावून कपडे बदलणं, यात रम्य काही नाही. स्वतःच्या घरात, कडी लावता येईल असं न्हाणीघर आमच्यातल्या प्रत्येक बाईला हवंय, मलाही. ते मिळवताना दारावरून जाणारं माणूस गमवावंच लागेल का, एवढाच माझा प्रश्न होता.

त्या नोंदींमधून आम्ही सात मागण्या काढल्या. लॉबीऐवजी दोन्ही टोकांना उघडा, दोन मीटर रुंद कॉरिडॉर. प्रत्येक स्वयंपाकघराला बाहेर उघडणारी खिडकी. एकट्या वृद्धांना खालचे मजले. लिफ्ट बंद पडली तर चालेल असं जनरेटर. गणपतीसाठी आणि एरवी वापरायला एक सभागृह. बाहेर असताना मिळणाऱ्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आगाऊ. आणि सातवी मागणी देखभालीच्या पैशांची.

सातवीबद्दल कुणी बोलतच नाही, म्हणून इथे हिशेबच मांडते. आज आमचं भाडं आणि उपकर मिळून महिन्याला पाचशेच्या आत भागतं. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, वॉचमन, आगीची यंत्रणा. देखभाल फुटाला दहा रुपये धरली, तर ४०५ फुटांचे महिन्याला ४,०५० रुपये. बिल्डर प्रत्येक घरामागे पाच लाखांचा कॉर्पस देणार होता. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाचे ३५,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २,९००. उरलेले साडेअकराशे खिशातून. आजीला कुटुंब-पेन्शन आहे, ती भरेल. शिवणकाम करणाऱ्या काकू दोन-तीन वर्षं भरतील, मग घर भाड्याने देऊन बदलापूर गाठतील. देखभाल दरवर्षी वाढते आणि कॉर्पस तेवढाच राहतो. गिरगावातली माणसं टॉवर झाल्यावर कुठे जातात, याचं बरंचसं उत्तर या गुणाकारात आहे. त्यांना कुणी हाकलत नाही. दर महिन्याला एक बिल येतं, एवढंच.

या सगळ्याला चाळीतून विरोध झाला, आणि तो मला सगळ्यात जड गेला. आमच्या वरच्या खोलीत तुळईला तीन वर्षं लोखंडी टेकू आहेत. तिथले काका मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "तुझा सर्व्हे होईस्तोवर माझ्या डोक्यावर छप्पर आलं तर कोण जबाबदार?"

त्यावर कुणीच काही बोललं नाही. बोलणार काय? ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेतच होती. नुसती वाट पाहणं चालू होतं. ते आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्या दिवशीच्या सायरनचे आवाज काकांनाही आठवतात, मलाही. सहभागाचे गोडवे गाताना लोक हा मुद्दा सोडून देतात, की प्रत्येक जास्तीची मीटिंग कुणाच्या तरी टेकूखालच्या रात्री वाढवते. वेळ फुकट नसतो.

मग काकांनीच सुचवलं, तारीख ठरवा. साठ दिवस. साठ दिवसांत जे मिळेल ते लिहून घ्यायचं आणि सह्या करायच्या. त्या मुदतीने आम्हालाही शिस्त लागली आणि बिल्डरलाही कळलं की हे लोक अडवून बसलेले नाहीत. त्यांच्या आर्किटेक्टकडची एक तरुण मुलगी दोनदा चाळीत येऊन गॅलरीत बसून गेली. तिने मला समजावलं की मंजुरीला पाठवण्याआधी नकाशात कॉरिडॉर हलवणं हे चार दिवसांचं काम. मंजुरी मिळाल्यावर तेच काम वर्षाचं होतं. सहभागाला खरी वेळ एवढीच असते, आणि ती नेमकी संमतीच्या सहीच्या आधी असते. सही झाल्यावर विचारणाऱ्याला उत्तर द्यायची कुणालाच घाई नसते.

चोपन्नाव्या दिवशी मसुदा आला. सातपैकी पाच मागण्या त्यात होत्या. कॉरिडॉर दोन मीटरचा नाही, पण दीड मीटरचा आणि एका टोकाला उघडा. खिडक्या मिळाल्या. खालच्या मजल्यांचं मान्य झालं, पण 'खालचा' म्हणजे आठवा. आगाऊ चेक, जनरेटर मिळाले. सभागृह नाही मिळालं; गच्चीचा वापर मिळाला. कॉर्पस पाचाचा सात लाख झाला, म्हणजे वरच्याच हिशेबाने महिन्याला चार हजारांच्या थोडा पुढे. पहिली काही वर्षं तरी शिवणकामवाल्या काकू तिथे टिकतील. त्या रविवारी उरलेल्या सह्या झाल्या, पहिली टेकूवाल्या काकांची. ५२ पैकी ४८.

पोळीवाल्या काकूंना काही मिळालं नाही. आम्ही प्रयत्न केला. गाळ्यांच्या मागे आठ बाय आठची जागा कमिटीच्या नावावर घेऊन त्यांना चालवायला द्यावी असं सुचवलं. ते बसलं नाही, कारण पात्र नसलेल्या माणसाची जागा कशात धरायची, याला नियमात खणच नाही. मी सांगायला गेले तेव्हा त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं गं. तू रविवारी विचारायला आलीस तेव्हाच मी पलीकडच्या गल्लीत खोली बघून ठेवली." मग त्यांनी मला सहा पोळ्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्या पोळ्या घेऊन जिना उतरताना मला आमच्या पाच मागण्यांचा आनंद धड करता येईना.

गावकीच्या खोलीचं अजून लटकलंय. गावातल्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करायला दोघं मे महिन्यात गावी गेले होते, अर्ध्या मिळाल्यात. इस्त्रीवाल्याला नव्या इमारतीच्या गेटशी बसू द्यावं, असं आम्ही सोसायटीच्या वहीत ठराव करून लिहिलंय. कायद्याच्या दृष्टीने त्याला फार अर्थ नाही, पण लिहिलंय.

मला वाटतं, नियमात एवढा एक बदल व्हायला हवा: संमती मोजण्याआधी दोन याद्या लावाव्यात. एक पावत्यांची, घर कुणाला मिळणार ते ठरवायला. दुसरी राहणाऱ्यांची, नकाशावर कुणाचं म्हणणं ऐकायचं ते ठरवायला. दुसऱ्या यादीतल्यांना घर मिळेलच असं नाही, पण आठ बाय आठच्या जागेबद्दल बोलायला निदान टेबलाशी खुर्ची तरी मिळेल. हे व्हायला वेळ लागेल. तोवर तुमच्या इमारतीत फॉर्म आला, तर सही करण्याआधी नकाशा मागा, देखभालीचा गुणाकार कागदावर करा, आणि तुमच्या मजल्यावर रात्री किती दिवे लागतात ते एकदा मोजा.

आम्ही पावसाळा संपला की खाली करणार आहोत. आजी, आई-बाबा आणि मी ठाण्याला जाऊ. आजीने एकच गोष्ट दोनदा विचारून घेतलीय, आठव्या मजल्यावर आपल्या दाराशेजारी कोण येणार. मी तिला नकाशा दाखवला, नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते घोरतात. पण चालतील."